थोरल्या आणि धाकट्या रिमोटमधली वायर

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी वायर आहे आणि तीही जुनी. नाक मुरडलंत? मुरडा. हल्ली वायर म्हटलं की तुम्हाला चार्जर आठवतो, आणि जिच्यानं मोबाइल चार्ज होत नाही ती वायर तुमच्या लेखी भंगार. माझ्या अंगावरचं काळं प्लास्टिक जागोजागी तडकलं आहे. दोन्ही टोकांना पितळी पिनांची गोल डोकी आहेत, त्यातल्या एका डोक्याला चिकटपट्टीचं मुंडासं बांधलेलं आहे. लांबी म्हणाल तर दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढीच. पण एवढ्याशा लांबीवर उदगीरची कितीतरी माणसं आभाळात फिरून आली. कशी, ते सांगते. सांगताना मध्येच माझा आवाज बसला तर समजून घ्या.

मी मूळची टेपरेकॉर्डरच्या घरची. उदगीरच्या एका मंडपवाल्याकडे भला मोठा टेप होता. त्या टेपपासून भोंग्याच्या मशीनपर्यंत गाणं पोचवायचं काम माझ्याकडे होतं. लग्नातली सनई, उरुसातली कव्वाली, चौदा एप्रिलची भीमगीतं, सगळं माझ्यातून वाहिलं. पुढे टेपचे दिवस गेले. मंडपवाल्यानं टेप दुरुस्तीला म्हणून किल्ल्याच्या रस्त्यावरच्या चांदपाशांच्या दुकानात आणून टाकला आणि परत न्यायला काही आला नाही. नव्या मशीनच्या नादात जुन्याची आठवण कोण ठेवतो?

चांदपाशा रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचाच म्हणते. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. स्वभाव असा की तुटका स्क्रूसुद्धा फेकवत नसे. त्यांच्या घरच्या, मलिकाचाची, म्हणायच्या की या माणसानं घरात पाय ठेवायला जागा ठेवलेली नाही. आणि एवढ्या पसाऱ्यात कमी म्हणून की काय, चाचांना विमानाचं वेड लागलं.

वेड लावणारे चंद्रप्पा. त्यांचा तेलाचा घाणा होता. हैदराबादला कुणाकडे तरी त्यांनी लहान विमानं उडताना पाहिली आणि येताना एक इंजिन, दोन रिमोट असं बोचकं घेऊन आले. यातलं काही कळायचं नाही म्हणून ते घेऊन थेट चाचांच्या दुकानात. अशा रीतीनं उदगीर विमान छंद मंडळ सुरू झालं. जळकोट रस्त्याला चंद्रप्पांचा एक पडीक माळ होता, तो त्यांनी दिला. मुरूम दाबून धावपट्टी केली. इंजिनाला स्पिरिटमध्ये कालवून एरंडेल लागायचं, ते घाण्यावरून यायचं. इंजिन सुरू झालं की माळभर एरंडेलाचा वास सुटायचा आणि लहानपणी ते बळजबरीनं प्यायलेले मोठमोठे लोक नाक दाबून उभे राहायचे.

विमान चाचांनी स्वतः बांधलं. पिवळं, रुंद पंखांचं. पंख धडावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले, म्हणजे आपटलं तर पंख सुटून बाजूला व्हावेत, मोडू नयेत. चंद्रप्पांच्या घरात कानडी बोलायचे. त्यांनी त्या विमानाचं नाव अक्का ठेवलं. थोरल्या बहिणीनं कसं, धाकट्यांनी कितीही वेडेपणा केला तरी सांभाळून घ्यावं, तसं हे विमान नवशिक्यांना सांभाळून घ्यायचं. मलिकाचाची मात्र तिला सवत म्हणायच्या. रविवार सकाळ त्या सवतीची, हे त्यांनी हसत हसत मान्य केलं होतं.

आता राहिली मी. दोन रिमोट आले होते, पण ते एकमेकांना जोडणारी वायर आली नव्हती. चाचांनी दुकानात नजर फिरवली आणि मंडपवाल्याच्या टेपमागून मला ओढून काढलं. कापलं, सोललं, नवी डोकी झाळली. मला फार आखूड ठेवलं म्हणून चंद्रप्पांनी कुरकुर केली. तेव्हा चाचा म्हणाले, "लांब कशाला? शिकणाऱ्याचा श्वास ऐकू आला पायजे."

माझं काम नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थोरला रिमोट शिकवणाऱ्याच्या हातात, धाकटा शिकणाऱ्याच्या. मधे मी. थोरल्या रिमोटला वर एक खटका होता. शिकवणाऱ्यानं तो दाबून धरला की विमान धाकट्या रिमोटचं ऐकायचं. खटका सोडला की त्या क्षणी विमान पुन्हा शिकवणाऱ्याचं. एवढंच. पण गंमत अशी की माझ्यातून वाहायचं ते एकाच दिशेनं, धाकट्याकडून थोरल्याकडे. शिकणाऱ्याची प्रत्येक हालचाल, प्रत्येक थरथर माझ्यातून जायची. शिकवणाऱ्याचा हात मला कधीच कळायचा नाही. चाचांनी मला बनवलं, दर रविवारी स्वतःच्या हातानं जोडलं, फडक्यानं पुसलं. पण उडवताना त्यांचा हात कसा चालतो, हे माळावरच्या कुत्र्यांना माहीत होतं, मला नव्हतं. याचं मला वाईट वाटायचं.

मंडळात एक शिस्त होती. खटका दाबताना चाचा मोठ्यानं "दिलं" म्हणत. शिकणाऱ्यानं "आलं" म्हणायचं. शिकणारा गांगरला की त्यानं "घ्या" म्हणायचं, आणि चाचा खटका सोडून "घेतलं" म्हणत. हे चार शब्द बोलल्याशिवाय विमान या हातातून त्या हातात जायचं नाही. एकदा विनोद नावाचा एक सभासद नवख्या माणसाला शिकवत होता. विमान वाकडं चाललेलं दिसलं तसा त्यानं न बोलता खटका सोडला. नवख्याला वाटलं आपणच उडवतोय, तो रिमोटच्या दांड्या ओढत राहिला, आणि विमान ऐकेना म्हणून घाबरून त्यानं रिमोटच खाली टाकला. मला हिसका बसला, विनोदच्या हातातला रिमोट हलला आणि अक्का बाभळीत. माझ्या डोक्यावरचं मुंडासं त्याच दिवसाचं. चाचा विमानासाठी एक शब्द बोलले नाहीत. पण विनोदला बाजूला घेऊन म्हणाले, "पडलं तर पडलं, इमान पुन्हा बांधू. पण तू न सांगता घेतलंस. ते हिसकल्यावानी झालं."

आणि दुसरी रीत होती ती सुटण्याची. एखादा तयार झाला असं वाटलं की चाचा काही न बोलता थोरला रिमोट त्याच्या हातात ठेवत, मला उपटून स्वतःच्या मनगटाला गुंडाळत आणि विमानाकडे पाठ करून लिंबाच्या झाडाकडे चालू लागत. पाठ करायची ती मुद्दाम. चाचा बघतायत, वेळ आली तर धावतील, ही आशा शिकणाऱ्याला राहू नये म्हणून. विमान उतरेपर्यंत ते वळत नसत. मी त्यांच्या मनगटावर असायची, म्हणून मला ठाऊक आहे, त्या वेळी त्यांची नाडी किती जोरात चालायची ते. विमान उतरलं की टाळ्या, आणि मग मलिकाचाचींनी डब्यात दिलेला शिरा. तो माणूस सुटला, असं मंडळ म्हणायचं.

कितीतरी जण सुटले. मास्तर, दुकानदार, एसटीचे कंडक्टर. आणि जे सुटले ते हळूहळू गावातूनही सुटले. विनोद पुण्याला गेला. सुदर्शन म्हणून एक हुशार गडी होता, त्यानं ड्रोन घेतला आणि लग्नाच्या शूटिंगला लागला. मुहूर्त नेमके रविवारी. चंद्रप्पा थकले आणि एका पावसाळ्यात गेले. माळावर बसायला अंथरायच्या चटया कमी कमी होत गेल्या.

एक व्यक्ती मात्र सुटली नाही. तिचं नाव ज्योत्स्ना.

ज्योत्स्ना रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. हात इतका हलका की रडणारं मूलसुद्धा सुई कधी टोचली हे विचारायचं. ती मंडळात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही महिन्याभरात सुटेल. उडवायची सुरेख. वळण तर असं घ्यायची की माझ्यातून काही जातंय हेच कळू नये. पण ज्या दिवशी चाचांनी मला उपटून पाठ फिरवली, त्या दिवशी अक्का धावपट्टीवर निम्मी पळाली आणि ज्योत्स्नानं इंजिन बंद केलं. थोरला रिमोट तिनं गवतावर ठेवला. म्हणाली, "मला न्हाई जमणार, चाचा. मागं कुणी हाय असं वाटल्याबिगर हात चालंना."

लोक हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी मला मनगटावरून सोडवलं, पुन्हा जोडलं आणि म्हणाले, "वायर हाय की. वायर कुठं पळून चालली?"

त्यानंतर ती दर रविवारी आली आणि दर रविवारी वायरवरच उडवली. मंडळात तिला वायरवाल्या ताई म्हणायचे. ती चिडायची नाही. तिचे वडील लहानपणीच गेले होते, हे तिनं एकदा शिरा खाताना सहज सांगितलं होतं. मला वाटतं चाचांनी त्याच दिवसापासून तिला सोडवायचा नाद सोडला.

शेवटी माळावर दोघंच उरली. चाचा आणि ज्योत्स्ना. आणि मी, आणि म्हातारी झालेली अक्का.

याच सुमारास चाचांनी एक नवीन पद्धत सुरू केली. विमान वर असताना ते मधेच विचारत, "सांग बरं, कुठं हाय? नाक कुणीकडं हाय?" ज्योत्स्ना सांगायची, पाण्याच्या टाकीवर, नाक उगवतीला. तिला वाटायचं चाचा परीक्षा घेतायत. मलाही तेच वाटायचं. पण एका रविवारी आभाळात एक घार आली. चाचा मान वर करून पाहत होते आणि म्हणत होते, "उजवीकडं घे, लई लांब चालली, उजवीकडं घे." ज्योत्स्नानं त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. तिथं घार होती. अक्का पार दुसऱ्या अंगाला, त्यांच्या पाठीमागे होती.

तिची दांडी क्षणभर जागच्या जागी थांबली, ते मला कळलं. ती नुसतं म्हणाली, "हाव चाचा, घेतलं उजवीकडं." आणि पुढचा सगळा वेळ ती न विचारता सांगत राहिली, आता बाभळीवर, आता रस्त्याच्या अंगानं, आता येतेय आपल्याकडे. उतरल्यावर दोघं लिंबाखाली येऊन बसली. मग चाचा म्हणाले की चष्मा बदलायला पाहिजे. ज्योत्स्ना म्हणाली, मी येते सोबत.

चष्म्याचं काम नव्हतं. लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर केव्हाच गेली होती, मधे तेवढी एक खिडकी उरली होती आणि तीही बंद होत चालली होती. गेलेलं परत येत नसतं, राहिलेलं थोडं लांबवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. थेंब दिले. हे सगळं मी ऐकलं, कारण त्या दिवशी मी चाचांच्या खिशात होते. बसमध्ये ते मला बोटाला गुंडाळत आणि सोडवत राहिले. ज्योत्स्ना खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला रडू येत होतं आणि चाचांना ते दिसत नव्हतं. पण तिचं नाक ओढणं ऐकू येत असणारच. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचे कान होते ते.

काही आठवड्यांनी चाचांनी आपली इच्छा सांगितली. इतकी वर्षं लोकांच्या मागे उभे राहून त्यांनी खटका धरला होता. स्वतःसाठी असं विमान उडवलं कधी, ते त्यांनाच आठवेना. उजेड पुरता जायच्या आत एकदा अक्काला स्वतःच्या हातानं फिरवून आणायचं होतं. एकट्यानं जमणार नाही हे त्यांना कळत होतं. कुणीतरी थोरला रिमोट घेऊन शेजारी उभं राहायला हवं होतं. धाकटा रिमोट ते स्वतः घेणार होते.

ज्योत्स्ना नाही म्हणाली. सुटलेल्या कुणालाही बोलवू म्हणाली. तिनं पुण्याला फोन लावला, सुदर्शनला लावला. एकाला सुट्टी नव्हती, दुसऱ्याला मुहूर्त होता. दोघांनी चाचांना सलाम सांगा म्हटलं. मग चाचा म्हणाले की राहू दे बेटा, नसेल जमत तर राहू दे. ते ‘राहू दे’ अशा काही सुरात होतं की ज्योत्स्ना तिथल्या तिथं हो म्हणून गेली.

तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. मलिकाचाची पहिल्यांदाच माळावर आल्या होत्या. चाचांचा हात धरून त्यांनी त्यांना धावपट्टीपर्यंत आणलं, अक्काकडे पाहिलं आणि म्हणाल्या की एवढीशीच आहे होय ही. मग लिंबाखाली जाऊन बसल्या. वारा पडला होता. ज्योत्स्नानं पंखांच्या पट्ट्या आवळल्या, इंजिन सुरू केलं. एरंडेलाचा वास सुटला आणि चाचांनी डोळे मिटून तो खोल ओढून घेतला. मग त्यांनी धाकटा रिमोट छातीशी धरला. चाचांच्या बोटांनी चाचपून माझं एक डोकं धाकट्यात बसवलं, दुसरं ज्योत्स्नानं थोरल्यात बसवलं.

ज्योत्स्नानं अक्काला वर नेलं. पुरेशी उंच गेली, संथ झाली, तेव्हा ती म्हणाली, "दिलं, चाचा."

"आलं," चाचा म्हणाले.

आणि मित्रांनो, चाचांचा हात माझ्यातून वाहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सांगते काय तुम्हाला, किती हलका हात तो. दांडीवर बोट ठेवलंय की नुसतं टेकवलंय, कळू नये. सगळी सनई, सगळी कव्वाली एकीकडे आणि तो हात एकीकडे. मी धन्य झाले, असं म्हणणार होते. पण म्हणता आलं नाही. कारण तो हात माझ्यातून थोरल्या रिमोटपर्यंत जात होता आणि तिथं थांबत होता. ज्योत्स्नाचं बोट खटक्यावर नव्हतं.

तिला दोष देऊ नका. अक्का पडली, मोडली, तर चाचांची शेवटची आठवण ती राहील, या भीतीनं तिनं दिलं म्हणून सांगितलं आणि दिलं नाही. विमान तीच फिरवत होती, अगदी चाचांसारखं, हळुवार. ती तोंडानं सांगत होती, वा चाचा, छान वळली, आता टाकीवर आली. दुसऱ्या कुणाला पत्ता लागला नसता.

चाचांनी दांडी डावीकडे नेली. इंजिनाचा आवाज सरळच गेला. त्यांनी पुन्हा नेली. आवाज सरळच. माझ्यातून वाहणारा हात हळूहळू मंद झाला आणि थांबला. चाचांनी दांड्या सोडून दिल्या. विमान वळतच होतं, ज्योत्स्ना सांगतच होती.

"बेटा," चाचा अगदी हळू म्हणाले, "तू दिलं न्हाईस."

ज्योत्स्ना बोलायची थांबली.

"मला दिसत न्हाई. ऐकू तर येतंय ना."

"पडली तर, चाचा?" ज्योत्स्ना म्हणाली.

"पडू दे. पण माझ्या हातानं पडू दे. माझ्याकडनं न सांगता घेऊ नको."

मग ज्योत्स्नानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, खटका दाबला आणि म्हणाली, "दिलं."

"आलं," चाचा म्हणाले. या वेळी आवाज वळला.

किती वेळ उडवलं ते मोजायचं भान कुणाला होतं? एक मोठा फेरा झाला. बाभळीवरून, टाकीवरून, रस्त्याच्या अंगानं. ज्योत्स्ना सांगायची आणि चाचा वळवायचे. मग तिनं सांगणं कमी केलं आणि चाचा नुसते ऐकून वळवू लागले. त्यांचा चेहरा आभाळाकडे होता आणि ओठ थोडे उघडे होते. लिंबाखालून चाची उठून पुढे आल्या होत्या. मग कुठून तरी वाऱ्याची एक झुळूक आली. अक्काचं नाक खाली गेलं, इंजिनाचा आवाज धारदार झाला. चाचांचा हात क्षणभर योग्य त्याच बाजूला गेला, मग अडखळला. मला कळलं, आवाजावरून आता त्यांना दिशा लागत नव्हती. खूप घाबरलेल्या नवशिक्यांचे हात माझ्यातून गेले आहेत. तो हात घाबरलेला नव्हता. तो थकलेला होता.

लोकांनी जन्मभर चाचांना घ्या म्हटलं होतं. चाचांनी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"घे, बेटा," ते म्हणाले.

"घेतलं," ज्योत्स्ना म्हणाली, आणि अक्का सावरली.

मला वाटलं झालं, आता उतरवायची. पण चाचांनी माझं एक डोकं काढून घेऊन धाकटा रिमोट खाली ठेवला. माझ्यावरून हात सरकवत सरकवत ते थोरल्या रिमोटपर्यंत आले आणि त्यांनी मला तिथून उपटलं. ज्योत्स्ना काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी मला मनगटाला गुंडाळलं. मग ते उभ्या जागी वळले. विमान ज्या बाजूला होतं त्या बाजूला त्यांनी पाठ केली. ज्याला समोरचंही धड दिसत नव्हतं त्यानं पाठ केली, मित्रांनो. आणि लिंबाच्या झाडाकडे, हात पुढे धरून, चाचपडत चालू लागले. चाची धावत आल्या आणि त्यांनी तो हात धरला.

मागे अक्का फिरत होती. एक फेरा, आणखी एक. ज्योत्स्नाला उतरवायचा धीर होत नव्हता. इंधन संपत आलं असणार. चाचांची नाडी माझ्याखाली उडत होती, पण ते वळले नाहीत. मग इंजिनाचा आवाज बारीक झाला, खाली आला, आणि मुरमावर चाकांची खरखर ऐकू आली. ती खरखर थांबली तेव्हा चाचांनी मनगटावर मला घट्ट धरलं.

"उतरली," चाची म्हणाल्या.

चाचा रडले. कुणापासून लपवलं नाही. ज्योत्स्ना तर अक्काजवळच मुरमात बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. त्या दिवशी शिरा चाचींनी स्वतः वाढला.

त्या पावसाळ्यानंतर चाचांची खिडकी पुरती बंद झाली. चंद्रप्पांच्या वारसांनी माळ विकला. तिथे चुना लावलेले दगड रोवले गेले आणि फलकावर कसलंसं नगर आलं. मंडळाची पाटी चाचांच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवली होती. चाचा दुकानाच्या उंबऱ्याशी बसायचे आणि मी त्यांच्या हातात असायची. रविवारी ज्योत्स्ना यायची. नव्या रिमोटना वायर लागत नाही, हवेतूनच दोन रिमोट जोडले जातात, हे तिनं त्यांना सांगितलं. चाचांनी ते लक्ष देऊन ऐकलं. मग हसून म्हणाले की सोय झाली, पण मग श्वास कुणाचा ऐकायचा. हा माझ्या बाजूनं बोललेला शेवटचा शब्द.

गेल्या थंडीत चाचा गेले. झोपेतच गेले. मूठ मिटलेली होती आणि मुठीत मी होते.

चाचांचा चाळिसावा झाल्यावर ज्योत्स्ना चाचींना भेटायला आली. चाचींनी पेटीतून मला काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. विमानाला सवत म्हणणाऱ्या, माळावर एकदाच आलेल्या बाई त्या. मला वाटलं नुसतंच देतील.

"दिलं," चाची म्हणाल्या.

ज्योत्स्नानं हात पुढे केले, पण तिला शब्द फुटेना. चाचींनी मला सोडलं नाही. त्या थांबून राहिल्या. खूप वेळानं ज्योत्स्ना म्हणाली, "आलं." तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

परवा ती मला खिशात घालून त्या माळावर गेली. प्लॉटांवर घरं अजून उठली नाहीत, नुसते दगड आहेत. मधल्या कच्च्या रस्त्यावरून तिनं अक्काला वर नेलं. एकटीनं. छान उडवली. उतरवताना आडवा वारा आला, अक्काचा एक पंख उचलला गेला, आणि ज्योत्स्नाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घ्या, चाचा."

कुणी काही म्हणालं नाही. चुन्याचे दगड तेवढे समोर होते. मी खिशात होते, माझी दोन्ही डोकी मोकळी. तिनं दात आवळले, पंख खाली आणला आणि अक्काला उतरवलं. मग कितीतरी वेळ ती त्या रस्त्यावर उभी राहिली.

मित्रांनो, आता मी तिच्या लॅबच्या खणात असते, सुयांच्या डब्याशेजारी. मला जपा असं मी म्हणत नाही. माझं काम झालं आहे, आणि भंगारात गेले तरी माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. ज्यांनी तुमच्या पाठीशी उभं राहून खटका धरला, त्यांचे डोळे, कान, हात थकतील तेव्हा त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं झालं तर सांगून घ्या. दिलं म्हणालात तर खरंच द्या. आणि कुणी घ्या म्हणालं, तर घेतलं म्हणायला जवळ राहा. फार नाही, माझ्या लांबीइतकं जवळ.